खोकणाऱ्या जनावराचा नमुना औंधपर्यंत पोहोचू द्या : पशुसंवर्धन आयुक्तांना खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त, पशुसंवर्धन, महाराष्ट्र राज्य,
औंध, पुणे

सविनय नमस्कार,

मी पुण्यात खासगी पशुवैद्यकीय व्यवसाय करते. सकाळी शहरातल्या दवाखान्यात कुत्री-मांजरं आणि दुपारनंतर मुळशी, हवेली, दौंडकडचे गोठे, असा माझा दिवस जातो. दोन्हीकडे एक तक्रार हमखास येते, "डॉक्टर, खोकतंय आणि खात नाही." मी पोहोचेपर्यंत काहीतरी टोचून किंवा पाजून झालेलं असतं, आणि ते बहुतेक वेळा अँटिबायोटिकच असतं. जंतू कोणता, तो कोणत्या औषधाला दाद देतो, याचा पत्ता कुणालाच नसतो. एक लागू पडलं नाही की दुसरं, तेही नाही तर तिसरं, आणि प्रत्येक पुढचं औषध मागच्यापेक्षा महाग.

माझी मागणी एकच आहे आणि ती आधीच सांगून टाकते. श्वसनाच्या आजाराने पडलेल्या जनावराचा नमुना अँटिबायोटिक सुरू करण्याआधी घेतला जावा, तो तालुक्यातून औंधच्या रोग अन्वेषण विभागाच्या प्रयोगशाळेपर्यंत थंड पेटीतून पोहोचावा आणि त्याचा अहवाल उपचार करणाऱ्या डॉक्टरच्या फोनवर यावा. याची ठरलेल्या वारांना चालणारी, कुणाच्या ओळखीवर अवलंबून नसलेली सोय आपण करावी.

पुण्याला हे मागण्याचा खास हक्क आहे असं मी मानते. जनावरांच्या रोगजंतूंचा अभ्यास करणारी देशातली पहिली सरकारी प्रयोगशाळा याच शहरात, कॉलेज ऑफ सायन्समध्ये, ९ डिसेंबर १८८९ रोजी सुरू झाली. इम्पीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी हे तिचं नाव. १८९३ मध्ये ती कुमाऊँच्या डोंगरात मुक्तेश्वरला हलवली गेली आणि आजची भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था तिच्यातूनच उभी राहिली. आजही आपलं आयुक्तालय, लस तयार करणारी पशु जैव पदार्थ निर्मिती संस्था आणि रोग निदानाची प्रयोगशाळा हे सगळं औंधमध्येच आहे. शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय पुण्याहून फार दूर नाही. माणसं शिकलेली आहेत, यंत्रं आहेत. अडतं ते गोठा आणि प्रयोगशाळा यांच्यामधल्या रस्त्यावर.

ते कसं अडतं, हे एका म्हशीवरून सांगते.

पावसाळ्याच्या तोंडाशी मुळशीतल्या एका गोठ्यावरून पहाटे फोन आला. मी पोहोचले तेव्हा घरघर अंगणातूनच ऐकू येत होती. म्हैस मान पुढे ताणून, पुढचे पाय फाकवून उभी होती. तोंडातून लाळेची तार लोंबत होती आणि जीभ थोडी बाहेर आलेली होती. जबड्याखालून गळ्यापर्यंत सूज होती, हाताला गरम आणि घट्ट, बोटाने दाबली की खळगा तसाच राहायचा. ताप १०६ च्या वर. "रात्री वैरण खाल्ली हो, दूधही दिलं," मालकीणबाई पुन्हा पुन्हा सांगत होत्या. मी येण्याआधी कुणीतरी एक इंजेक्शन देऊन गेलं होतं. कसलं, ते सांगता येईना, बाटली तो बरोबर घेऊन गेला होता. नंतर घरच्यांनी गळा मोकळा व्हावा म्हणून बाटलीने गोडं तेल पाजायचा प्रयत्न केला होता. ज्या जनावराला गिळताच येत नाही त्याच्या घशात ओतलेलं तेल थेट फुफ्फुसात उतरतं.

सगळी लक्षणं घटसर्पाची. पाश्चुरेला मल्टोसिडा या जंतूचा आपल्याकडे आढळणारा बी-२ हा प्रकार हा आजार करतो. गाईपेक्षा म्हशीला तो जास्त जोरात होतो आणि गळ्याला सूज दिसायला लागल्यावर हातात काही तासच उरतात. मी शिरेतून औषध दिलं, पण दुपारच्या आत म्हैस गेली. शेजारच्या दावणीला दुसरी म्हैस आणि दोन पारड्या होत्या.

त्या वेळी मला दोन गोष्टी हव्या होत्या. पहिली, कानाच्या शिरेतलं थेंबभर रक्त काचपट्टीवर. अशा अचानक मृत्यूत काळपुळी म्हणजे अँथ्रॅक्स नाही ना, याची खात्री झाल्याशिवाय मेलेलं जनावर फाडायचं नसतं. दुसरी, काळपुळी नाही असं ठरलं की पायाचं एक नळीचं हाड. घटसर्पाचा जंतू त्या हाडातल्या मगजात टिकतो, बाकीचं शरीर कुजायला लागलं तरी तो तिथून वाढवता येतो. दोन्ही घेणं हे अर्ध्या तासाचं काम. पण पुढे काय? जवळच्या दवाखान्यात पाठवायला माणूस नव्हता, दुसऱ्या दिवशी सुट्टी होती आणि बाहेर धो धो पाऊस. ज्या घराची म्हैस नुकतीच गेली आहे त्यांना "हे हाड बर्फात घालून औंधला नेऊन द्या" असं सांगायला जीभ रेटत नाही. संध्याकाळी जेसीबी आला आणि म्हैस पुरली गेली. घटसर्प होता हे माझ्या वहीत आहे. सरकारी आकडेवारीत तो नाही, कारण प्रयोगशाळेत काही पोहोचलंच नाही.

साहेब, यातून पुढचं नुकसान होतं. त्या गावात घटसर्प आहे हे कागदावर आलं असतं, तर भोवतालच्या गावांत तातडीने लस गेली असती. लस टोचल्यावर प्रतिकारशक्ती यायला दोन-तीन आठवडे लागतात, म्हणून ती मे महिन्यातच टोचून व्हायला हवी. जूनच्या शेवटी आलेली लस ही साथीच्या मागून धावत येते. आपल्याकडची लस औंधलाच तयार होते, त्यामुळे पुणे जिल्ह्यात तरी तिला उशीर होण्याचं कारण मला दिसत नाही. लाळ्या-खुरकुताच्या मोहिमेत कानातला बिल्ला बघून नोंद करत घरोघर फिरणारी माणसं हेही काम करू शकतात. पण कोणत्या गावांना आधी द्यायची, हे ठरवायला गावांचा पूर्वेतिहास लागतो, आणि तो अशा नमुन्यांतूनच तयार होतो.

हा जंतू किती भयंकर होऊ शकतो याचं उदाहरण फार जुनं नाही. मे २०१५ मध्ये कझाकस्तानच्या माळरानांवर सायगा जातीची दोन लाखांहून जास्त हरणं काही आठवड्यांत मेली. कारण होतं पाश्चुरेला मल्टोसिडा. तो त्या हरणांच्या घशात आधीपासून निमूटपणे राहत होता. हवा नेहमीपेक्षा उष्ण आणि दमट झाली आणि तो उलटला.

पण प्रत्येक खोकला घटसर्प नसतो, आणि माझ्या मागणीचं खरं कारण इथेच आहे. घटसर्प लक्षणांवरून ओळखता तरी येतो. बाकीचे बहुतेक श्वसनरोग बाहेरून एकसारखे दिसतात. नाकातून शेंबूड, ताप, धाप, खाणं कमी. आत मात्र वेगवेगळे जंतू असतात आणि त्यांना लागणारी औषधंही वेगवेगळी.

चाकणच्या किंवा बेल्ह्याच्या बाजारातून आणलेली कालवड घ्या, किंवा पंजाबहून ट्रकमधून दोन-तीन दिवस उभ्याने आलेली संकरित गाय. प्रवासात पाणी नाही, झोप नाही, डिझेलचा धूर आणि दहा ठिकाणची जनावरं एकमेकांच्या तोंडाला तोंड लावून उभी. नव्या गोठ्यात आली की आठवड्याच्या आत ताप. मॅनहायमिया हिमोलिटिका हा जंतू निरोगी जनावराच्याही नाकात असतो आणि काही करत नाही. थकवा आला, एखाद्या विषाणूने श्वासनलिकेचं अस्तर खरवडलं, की तो खाली फुफ्फुसात उतरतो. तिथे तो असं विष सोडतो की त्याला मारायला आलेल्या पांढऱ्या पेशीच मरतात आणि त्यांच्या फुटण्यातून फुफ्फुस आणखी खराब होतं. त्याच्या जोडीला पाश्चुरेला असू शकतो, हिस्टोफिलस असू शकतो, मायकोप्लाझ्मा बोव्हिस असू शकतो.

आणि मायकोप्लाझ्माला पेशीभित्तिका नसते. पेनिसिलीन आणि सेफॅलोस्पोरिन गटातली औषधं पेशीभित्तिकेवरच काम करतात. भित्तिकाच नसेल तर ही औषधं कितीही टोचा, जंतूला ढिम्म काही होत नाही. तरी गोठ्यांवर सर्रास दिसतं ते सेफ्ट्रियाक्झोन, कारण ते "स्ट्राँग" म्हणून प्रसिद्ध आहे. माणसांच्या गंभीर न्यूमोनियात आणि रक्तातल्या संसर्गात वापरायचं हे औषध. जागतिक आरोग्य संघटनेने तिसऱ्या पिढीची सेफॅलोस्पोरिनं आणि क्विनोलोन गटातली औषधं मानवी उपचारासाठी सर्वांत जास्त जपायच्या यादीत ठेवली आहेत. आमच्याकडे कालवडीच्या मायकोप्लाझ्मावर ते तीन-चार दिवस जातं, कालवड तशीच खोकते, मग क्विनोलोन गटातलं एन्रोफ्लॉक्सासिन येतं. शेतकऱ्याचे हजारो रुपये जातात. वर त्या दिवसांतलं दूध औषधाचा काळ संपेपर्यंत वेगळं काढायचं असतं. ते काढलं जातं की डेअरीच्या कॅनमध्ये जातं, हे मी इथे लिहायची गरज नाही.

यात मी शेतकऱ्याला दोष देत नाही. त्याच्यासमोर जनावर धापा टाकतंय आणि दुकानात बाटली मिळतेय. कायद्याने ती चिठ्ठीशिवाय मिळायला नको, पण मिळते. दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात जाणारे आणि पावसाआधी परतणारे मेंढपाळ पाहा. वाड्याबरोबर, म्हणजे त्यांच्या तांड्याबरोबर, चालणाऱ्या घोड्यावर बिऱ्हाड असतं आणि त्यात भांड्याकुंड्यांबरोबर ऑक्सिटेट्रासायक्लिनची बाटली आणि सिरिंजही असते. मेंढी मागे पडली की तिचे कान आणि चाल बघून मेंढपाळाला कळतं की हिला फुफ्फुसाचं झालंय, आणि त्याचा अंदाज बहुधा बरोबर असतो. मला त्या माणसांच्या नजरेबद्दल फार आदर आहे. पण मेंढीचा न्यूमोनिया मॅनहायमियाचा आहे, की पीपीआर हा शेळ्या-मेंढ्यांचा विषाणूजन्य रोग येऊन गेल्यावर त्याच्या पाठोपाठ आलेला, हे नजरेला कळत नाही. पीपीआर असेल तर औषधाइतकीच बाकीच्या मेंढ्यांना लस देण्याचीही घाई करायला हवी. वाटेतल्या तालुक्यात नाकातला बोळा घेणारं कुणी असतं, तर कळपाचं पुढचं वर्ष बदललं असतं.

आता शहराकडे येते. हे आपलं खातं नाही असं कृपया म्हणू नका. श्वसनाचे जंतू खातेवाटप बघत नाहीत आणि औषधांना दाद न देणारे जंतू तर मुळीच नाहीत.

मे महिन्याच्या सुट्टीत आणि दिवाळीत पुणेकर गावाला जातात आणि कुत्री बोर्डिंगमध्ये राहतात. परत आल्यावर तीन-चार ते दहा दिवसांत आमच्याकडे रांग लागते. कुत्रा उड्या मारतोय, खातोय, पण घशात हाड अडकल्यासारखा कोरडा खोकला येतो आणि शेवटी पांढरा फेस पडतो. घरचे घाबरून जातात, साहजिक आहे. याला आम्ही केनेल कफ म्हणतो. बोर्डेटेला ब्रॉन्किसेप्टिका हा जंतू आणि त्याच्याबरोबर पॅराइन्फ्लुएन्झासारखे एक-दोन विषाणू, असं हे मिश्रण असतं. बहुतेक कुत्री एक-दोन आठवड्यांत औषधाशिवाय बरी होतात. पट्ट्याऐवजी छातीला बांधायचा हार्नेस, धूळ-उदबत्तीपासून लांब, इतर कुत्र्यांपासून वेगळं, एवढं पुरतं. ताप आला, खाणं सुटलं, मलूल झाला किंवा श्वास जलद झाला, तर मात्र अँटिबायोटिक हवं, आणि तेव्हा पहिली निवड साधं डॉक्सिसायक्लिन. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेली आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं हेच सांगतात. मांजराला नुसती सर्दी असेल तर दहा दिवसांपर्यंत थांबून बघा, असंही त्यांत आहे, कारण तिथे मूळ बहुधा हर्पिस किंवा कॅलिसी विषाणूचं असतं.

कोथरूडमधलं एक कुटुंब त्यांच्या पग जातीच्या कुत्र्याला घेऊन आलं होतं. आजोबांच्या औषधाच्या डब्यात उरलेली अॅझिथ्रोमायसिनची पट्टी त्यांनी त्याला अर्धी-अर्धी करून दिली होती. त्याआधी एका दवाखान्यातून दुसरं अँटिबायोटिक मिळालं होतं, तेही मधेच बंद केलेलं. माझ्याकडे आला तेव्हा त्याला खरोखरच न्यूमोनिया झाला होता. एक्स-रेमध्ये फुफ्फुसाचे खालचे भाग पांढरे दिसत होते. आता मला श्वासनलिकेतला स्राव तपासायला हवा होता, कारण दोन औषधं अर्धवट झाल्यावर तिसरं अंदाजाने निवडणं म्हणजे डोळे मिटून रस्ता ओलांडणं. खासगी प्रयोगशाळेचा खर्च त्या घराला परवडला आणि कुत्रा वाचला. ज्या घराला परवडत नाही त्या घरी मी काय करायचं? पाळीव प्राण्यांचे नमुने रास्त शुल्क घेऊन तपासायला औंधची प्रयोगशाळा मोकळी करा. ते आकडेही आपल्याच उपयोगाला येतील. बोर्डेटेला आजारी, अशक्त माणसांच्या छातीतही सापडतो, आणि पाश्चुरेला कुत्र्या-मांजराच्या चाव्यातून माणसात येतो, हे आपल्याला ठाऊकच आहे.

मला दोन उत्तरं अपेक्षित आहेत, म्हणून त्यांच्याबद्दल आधीच लिहिते.

पहिलं असं की जंतू वाढवून औषधांच्या चकत्या लावून अहवाल यायला तीन दिवस लागतात, तोपर्यंत जनावर मरेल. बरोबर आहे. म्हणूनच नमुना आधी घ्यायचा आणि दुसऱ्या मिनिटाला इंजेक्शन द्यायचं. नमुन्यासाठी उपचार थांबवा असं मी म्हणत नाही. पहिलं औषध अनुभवावरूनच द्यावं लागेल. अहवाल येतो तेव्हा तो दुसरं औषध ठरवतो, गोठ्यातल्या पुढच्या जनावराचं पहिलं औषध ठरवतो आणि वर्षाच्या शेवटी त्या तालुक्याचा अनुभव म्हणजे नेमका काय, तेही ठरवतो. आज आमचा अनुभव म्हणजे आठवणीत राहिलेली जनावरं, आणि आठवणीत बरी झालेलीच जास्त राहतात.

दुसरं उत्तर मनुष्यबळाचं. माणसं कमी आहेत, जी आहेत ती वासरं ओढण्यापासून कागद भरण्यापर्यंत सगळं करतात, हे मी रोज बघते. पण २०२२ मध्ये लम्पी आला तेव्हा याच खात्याने काही महिन्यांत राज्यभर गोट पॉक्सची लस मोफत टोचली आणि गावागावांतून नमुने गेले. घोड्यांच्या ग्लॅन्डर्सचंही तेच. नाकातून आणि फुफ्फुसातून पसरणारा, माणसालाही होणारा हा जंतुजन्य रोग. १८९९ पासून त्याच्यासाठी कायदा होता आणि आता तो २००९ च्या जनावरांच्या संसर्गजन्य रोगांच्या कायद्यात येतो. २००६ मध्ये त्याने महाराष्ट्रात पुन्हा डोकं वर काढल्यापासून संशयित घोड्याचं रक्त तपासायला जातंच जातं. लग्नाच्या वरातीतला घोडा असो की शर्यतीचा, कुणी वाहन नाही म्हणून सबब सांगत नाही. म्हणजे खात्याने ठरवलं की नमुना पोहोचतो. म्हशीचा आणि कालवडीचा पोहोचावा एवढंच मागते आहे.

सोयीचं म्हणाल तर फार मोठं काही लागत नाही. लांब दांडीचा निर्जंतुक बोळा, तो टिकवणारं माध्यम असलेली नळी, बर्फाच्या पिशव्या, थर्मोकोलची पेटी. नुसता नाकपुडीत फिरवलेला बोळा फारसा उपयोगाचा नसतो, घशाजवळ खोलवर जावं लागतं आणि ते शिकवायला एक दिवस पुरे. नमुना थंड राहून लवकरात लवकर पोहोचायला हवा, कारण पाश्चुरेला लवकर मरतो आणि इतर फालतू जंतू त्याच्यावर वाढतात. १९६२ या क्रमांकावर येणाऱ्या फिरत्या पथकांच्या गाड्या रोज तालुक्यात फिरतातच. त्यांच्यात अशी पेटी ठेवा. संध्याकाळी ती तालुक्याच्या पशुवैद्यकीय चिकित्सालयातल्या फ्रिजमध्ये जमा व्हावी आणि आठवड्यातून ठरलेल्या तीन दिवशी एक गाडी तालुक्यातालुक्यांतून ती उचलत औंधला यावी. खासगी डॉक्टर आणि गावोगावच्या पशुसेवादात्यांनाही त्या पेटीत नमुना टाकता आला पाहिजे. गोठ्यावर सर्वांत आधी अनेकदा आम्हीच पोहोचतो, आणि आमच्यासाठी दार बंद राहिलं तर निम्मा जिल्हा आकडेवारीच्या बाहेर राहील.

आणि वर्षातून एकदा एक पान छापा, मराठीत. कोणत्या तालुक्यात श्वसनाचे कोणते जंतू सापडले, त्यांतले किती ऑक्सिटेट्रासायक्लिनला दबले, किती सल्फाला, किती एन्रोफ्लॉक्सासिनला. आम्ही ते दवाखान्यात भिंतीवर लावू. माझी खात्री आहे की जुन्या, स्वस्त औषधांपैकी काही अजून चांगली चालतात आणि ते आकड्यांत दिसलं की महागड्या बाटल्यांचा वापर आपोआप उतरेल. केंद्राने २०२४ मध्ये जनावरांसाठी प्रमाणित उपचारांची मार्गदर्शिका काढली, ती चांगली आहे. पण देशभराची मार्गदर्शिका दौंडच्या जंतूला काय लागू पडतं हे सांगू शकत नाही.

बंदी घालून काम होतं, हे मी नाकारत नाही. गिधाडं मरतात म्हणून २००६ मध्ये जनावरांसाठीचं डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक बंद झालं, तरी माणसांच्या मोठ्या बाटल्या गोठ्यावर येतच राहिल्या. २०१५ मध्ये बाटलीचा आकार ३ मिलिलिटरवर आणल्यावर ती वाट बरीच अरुंद झाली. कोलिस्टिन हे अँटिबायोटिक २०१९ मध्ये अन्नासाठी पाळलेल्या जनावरांकरता आणि कोंबड्यांकरता बंद झालं आणि तो निर्णय योग्यच होता. कोंबड्यांच्या जुनाट श्वसनरोगात, म्हणजे मायकोप्लाझ्मा गॅलिसेप्टिकमच्या आजारात, पिण्याच्या पाण्यातून एकगठ्ठा अँटिबायोटिक देण्याची सवय पोल्ट्रीवाल्यांना आहे आणि तिथेही निदानाआधीच औषध जातं. पण बंदी आल्यावर माणूस दुसऱ्या बाटलीकडे वळतो. तपासणी असेल तर कदाचित बाटलीची गरजच नाही असंही निघतं.

तसं निघावं यासाठी गोठ्यावर करण्याजोगंही बरंच आहे, आणि ते आम्ही सांगत असतोच. तीस किलोच्या वासराला जन्मल्यापासून दोन तासांत चीक सुरू व्हावा आणि पहिल्या दिवसात तीन लिटर तरी पोटात जावा. गोठ्यात वाकून वासराच्या नाकाच्या उंचीवर श्वास घ्यावा, डोळे चुरचुरले तर तिथे अमोनिया आहे आणि वासरू दिवसरात्र तेच ओढतंय. थंडीत ताडपत्र्या लावून गोठा चहूबाजूंनी बंद करू नये, वारा वरून निघू द्यावा. बाजारातून आणलेलं जनावर दोन-तीन आठवडे वेगळं बांधावं. आणि बाटलीने किंवा नळ्याने काढा-तेल पाजणं बंद करावं, खोकणाऱ्या आणि गळा सुजलेल्या जनावराला तर कधीच नको. आपल्या विस्तार कार्यक्रमांत या शेवटच्या गोष्टीला जरा जास्त जागा द्यावी, अशी विनंती. त्या एका सवयीने गेलेली जनावरं मी डोळ्यांनी पाहिली आहेत.

राज्यात २०१९ च्या पशुगणनेनुसार सुमारे १ कोटी ४० लाख गाई-बैल आणि ५६ लाख म्हशी आहेत. सगळीकडे एकदम सुरुवात करा असं मी म्हणत नाही. पहिल्या वर्षी पुणे जिल्ह्यातले तीन तालुके घ्या. भरपूर पाऊस आणि म्हशी म्हणून मुळशी, दाट गोठे म्हणून दौंड, शेळ्या-मेंढ्या आणि बाजार म्हणून जुन्नर. एप्रिलपर्यंत पेट्या आणि बोळे पोहोचले आणि नमुने कुणाकडे द्यायचे त्याचे फोन नंबर दवाखान्यांच्या दारावर लागले, तर या पावसाळ्यातला पहिला घटसर्प तरी कागदावर येईल. मी आणि या तालुक्यांत काम करणारे माझे काही खासगी सहकारी नमुने घ्यायला विनामोबदला तयार आहोत. बोळ्यांचा खर्च आमचा आम्ही करू. आम्हाला फक्त एवढं कळवा की मुळशीतल्या गोठ्यावरून निघालेली पेटी कोणत्या वारी, किती वाजता आणि कुणाच्या हातात द्यायची.

आपली नम्र,
एक खासगी पशुवैद्य, पुणे